शहराच्या सीमेवरील चित्रकार
सुधीर पटवर्धन यांच्या स्थलचित्रांचे रसग्रहण

(बेसा, जिल्हा नागपूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक दृश्य उभे राहते. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि काठावर नारळाचे झाड. विदर्भातील मुलेही नारळाचेच झाड काढतात. अंगणातला कडुनिंब आणि माळावरचा पळस त्यांच्या कागदावर क्वचितच उतरतो. यात मुलांचा दोष नाही. जे सुंदर मानले गेले आहे ते काढावे आणि जे रोज दिसते ते सोडून द्यावे, हा संस्कार आपणच त्यांच्यावर केलेला आहे.

महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी तेथील तलाव व जलाशय यांचा प्रकाश अत्यंत हळुवारपणे टिपला. सावळाराम हळदणकर यांनी जलरंगाला प्रतिष्ठा दिली. पुढे जगभर कीर्ती मिळविलेले सय्यद हैदर रझा यांचे कलाशिक्षण आपल्या नागपुरात सुरू झाले आणि त्यांच्या आरंभीच्या काळातील चित्रेही प्रामुख्याने स्थलचित्रेच होती. तथापि या परंपरेपुढे एक प्रश्न शिल्लक राहिला. जी जमीन आता शेत राहिलेली नाही आणि अद्याप शहरही झालेली नाही, तिचे चित्र कोणी काढावयाचे? या प्रश्नाला ज्यांनी आपल्या कुंचल्याने उत्तर दिले, त्या सुधीर पटवर्धन यांच्या कार्याचा परिचय करून देणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

डॉक्टर आणि चित्रकार

पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुणे येथे झाला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९७२ साली वैद्यकीय पदवी घेतली. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. चित्रकला त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केली. १९७९ साली त्यांचे पहिले एकल प्रदर्शन दिल्लीत भरले. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि विवान सुंदरम् यांच्या बरोबरीने त्यांची चित्रे होती. चित्रकलेत माणसाला आणि त्याच्या परिसराला पुन्हा मानाचे स्थान मिळावे, हा या मंडळींचा आग्रह होता.

‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) यांसारख्या त्यांच्या आरंभीच्या चित्रांत माणूसच केंद्रस्थानी आहे. तो कष्टकरी आहे, थकलेला आहे. परंतु दीनवाणा नाही. त्याचे शरीर भक्कम आहे आणि त्याने आपली जागा ठामपणे व्यापलेली आहे. शरीराच्या आत पाहण्याचा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्या डॉक्टरची ही नजर आहे. पुढे हीच नजर शहराकडे वळली.

पोखरण, उल्हासनगर, लोअर परळ

ठाण्याचा पोखरण परिसर हा डोंगराच्या पायथ्याशी सरकत गेलेल्या शहराचा भाग. १९९० च्या दशकाच्या आरंभी पटवर्धन यांनी या परिसराला आपल्या चित्राचा विषय केले. सुंदर डोंगर आणि कुरूप इमारती असा सोपा विरोध त्यांनी मांडलेला नाही. डोंगर, घरे, रस्ता आणि माणसे ही सर्व एकाच प्रकाशात, सारख्याच आस्थेने पाहिलेली आहेत. निसर्ग गेला म्हणून हळहळावे किंवा विकास आला म्हणून हरखून जावे, या दोन्ही सवयी बाजूला ठेवून ते प्रथम ‘आहे काय?’ एवढेच विचारतात.

‘उल्हासनगर’ आणि ‘लोअर परळ’ ही त्यांची दोन महत्त्वाची स्थलचित्रे २००१ ची आहेत. उल्हासनगर ही फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर उभी केलेली वस्ती. लोअर परळ हा मुंबईच्या गिरणगावाचा गाभा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे चित्र पालटले. भोंगे थांबले आणि गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहू लागल्या. नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. १८७७ साली सुरू झालेल्या आपल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज काय उभे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पटवर्धन यांच्या चित्रात जुने जग आणि नवे जग शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांच्यामधून माणसे आपल्या कामाला निघालेली आहेत.

या चित्रांची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. छायाचित्रात कॅमेरा एका ठिकाणी उभा असतो. पटवर्धन मात्र एकाच चित्रात अनेक ठिकाणांहून पाहतात. एक भाग उंचावरून पाहिलेला, दुसरा रस्त्यावर उभे राहून, तिसरा वळणावरून. आपण गावातून चालत जातो तेव्हा डोळा असाच फिरत असतो. म्हणून हे चित्र एका दृष्टिक्षेपात संपत नाही. त्यातून चालावे लागते. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या सबंध कार्याचे प्रदर्शन भरले. त्याच्या शीर्षकातही शहरातून चालण्याचीच कल्पना होती, हे यथार्थच म्हटले पाहिजे.

काही मर्यादा

रसग्रहण म्हणजे केवळ स्तुती नव्हे. विस्तृत स्थलचित्रांत माणसे लहान होतात. ‘इराणी रेस्टॉरंट’मधील माणसाचे वजन त्यांना क्वचितच लाभते. काही वेळा चित्रकार उंच जागेवरून पाहणारा, सहृदय पण दूरस्थ साक्षीदार वाटतो. दुसरी मर्यादा त्यांच्या एकट्याची नाही. ज्या वस्त्यांची ही चित्रे आहेत, तेथील लोकांना ती पाहावयास मिळणे अवघड असते. ती कलादालनांत आणि संग्राहकांकडे राहतात. पटवर्धन यांना याची जाणीव आहे, असे म्हणावयास आधार आहे. २००८-०९ च्या सुमारास समकालीन भारतीय कलेचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता.

बेसा आणि आपण

हा सारा विषय बेसा येथे का मांडावा? कारण बेसा हे असेच सीमेवरचे ठिकाण आहे. नागपूर दक्षिणेकडे वाढले आणि काळ्या मातीच्या शेतांमधून ले-आऊट पडले. सात-बारा, अकृषिक परवानगी, विकास आराखडा हे शब्द येथे घरोघरी पोचले आहेत. आपण कार्यालयांतील माणसे गाव पाहतो ते नकाशातून. नकाशा आवश्यकच आहे. त्यावाचून रस्ता होत नाही, नळ येत नाही. परंतु नकाशात गट क्रमांक असतो. त्या गटाच्या बांधावर बसून शिदोरी सोडणारा माणूस नसतो. विहिरीचे चिन्ह असते. विहीर बुजल्यावर कोणत्या बाईला किती लांब जावे लागले, ते नसते. ही उणीव चित्र भरून काढते.

इटलीतील सिएना नगरीत १३३८-३९ या काळात आंब्रोजो लोरेंझेत्ती यांनी नगरसभेच्या दालनाच्या भिंतींवर चित्रे काढली. एका बाजूस सुशासनाखालचे नगर: गवंडी इमारत बांधीत आहेत, गुरुजी शिकवीत आहेत, शेतकरी शेतात राबत आहेत. दुसऱ्या बाजूस दुःशासनाने उद्ध्वस्त झालेला प्रदेश. निर्णय घेणाऱ्या नऊ कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या निर्णयांची फळे सतत राहत. भूमी कशी दिसते, हा कारभाराचा ताळेबंद असतो, हे त्या नगराने सुमारे सातशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आपल्याला एवढे मोठे काम करावयाचे नाही. शाळांनी वर्षातून एकदा मुलांना गावाच्या सीमेवर न्यावे आणि जे दिसेल ते काढावयास सांगावे: अर्धवट बांधलेले घर, खांब, उरलेले कापसाचे वावर, नाला, टँकर. त्यातील काही चित्रे पंचायतीच्या सभागृहात तारखेसह लावावीत. दहा वर्षांनी त्या भिंतीवर गावाचा असा इतिहास तयार झालेला असेल, जो कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही. पुढील ठरावावर हात वर करण्यापूर्वी सदस्यांची नजर त्या भिंतीकडे गेली, तर ठरावातील एखादा शब्द बदलेल. कदाचित एखादे झाड, एखादी विहीर, एखादी पायवाट राहील.

पटवर्धन यांनी बदल थांबविण्याचा आव आणला नाही. तो डोळे उघडे ठेवून पाहिला आणि त्यातील माणसाला वगळले नाही. लोकांची जमीन ज्यांच्या सहीने बदलते, त्या आपणा सर्वांकडून याहून अधिक नसली, तरी एवढी अपेक्षा करावयास काहीच हरकत नाही.