सीबीडी तेलाने विरळ केस दाट होतात का?

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "डॉक्टर, सीबीडी ऑईल लावलं तर केस परत येतात का?" विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले मुलगे, आणि काही बाळंतपणानंतर केस गळायला लागलेल्या मुली. मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, केस हा त्यातलाच भाग, म्हणून आजचा भाग या एका तेलावर.

आधी नाव समजून घेऊ. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. गांजा-भांगेच्या झाडातला एक घटक. त्याच झाडात टीएचसी असतं, नशा चढते ती त्याची. सीबीडीने नशा चढत नाही. गंमत बघा, मराठीत भांग आपण डोक्यावर पाडतोही आणि होळीला घोटतोही. आजचा प्रश्न एवढाच, की ती भांग हा रुंद होत चाललेला भांग भरून काढेल का?

आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. त्यावर हेंप सीड ऑईल लिहिलं असेल, तर ते बियांचं तेल आहे. बियांचं तेल आपल्याकडे २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणूनही मान्य आहे. चांगलं तेल आहे, केसांना मऊपणा देईल, पण त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. सीबीडी येतं पानाफुलांच्या अर्कातून. भारतात अशी उत्पादनं साधारणपणे आयुर्वेदिक परवान्याखाली 'विजया' या नावाने विकली जातात. म्हणजे बरेच जण पैसे देतात सीबीडीचे आणि घरी आणतात बियांचं तेल.

बरं, खरोखर सीबीडी असलेलं तेल मिळालं असं धरू. पुरावा काय आहे?

जाहिरातींत एक आकडा फिरतो: ९३.५ टक्के. तो आला २०२१ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासातून. अनुवंशिक टक्कल पडत असलेल्या ३५ जणांनी हेंपचा अर्क रोज एकदा, ६ महिने डोक्याला लावला. दिवसाला साधारण ३-४ मिलिग्रॅम सीबीडी जाईल एवढा. डोक्यावरच्या ठरलेल्या जागेतले केस आधी आणि नंतर मोजले, ते सरासरी ९३.५ टक्क्यांनी वाढले. लोक याचा अर्थ घेतात की शंभरातल्या त्र्याण्णव जणांना गुण आला. तसं नाही. जिथे मोजले तिथे आधी १० केस असतील तर नंतर साधारण १९ झाले, असा तो आकडा. सगळं डोकं भरलं असाही त्याचा अर्थ नाही.

आणि मुख्य अडचण पुढे आहे. या अभ्यासात दुसरा गटच नव्हता, ज्याला तसंच दिसणारं पण सीबीडी नसलेलं तेल दिलंय. मग वाढ सीबीडीमुळे झाली, रोजच्या चोळण्यामुळे झाली की आणखी कशामुळे, हे सांगणार कसं? मिनॉक्सिडिल या औषधाला १९८८ साली अमेरिकेत केसांसाठी मान्यता मिळाली ती अशी तुलना करून दाखवल्यावर. सीबीडी तिथपर्यंत अजून पोचलेलं नाही.

प्रयोगशाळेतली गोष्ट तर आणखी विचारात पाडणारी आहे. केसांच्या मुळांवर सीबीडीचा परिणाम मात्रेप्रमाणे बदलतो. जास्त प्रमाणात गेलं, तर तेच केसाची वाढ रोखू शकतं. त्यामुळे 'जास्त लावलं म्हणजे लवकर येतील' हे इथे चालत नाही. आणि बाटलीत किती आहे हे तरी नक्की कुठे कळतं? अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली होती, २०१७ साली तो अहवाल आला. लेबलवरचा आकडा खरा निघाला जेमतेम ३१ टक्के बाटल्यांत. काहींत तर टीएचसीसुद्धा सापडलं.

"पण डॉक्टर, माझ्या मैत्रिणीला फरक पडला ना!" हो, पडला असेल. का ते सांगतो. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, उपाशी राहून कमी केलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. माणूस घाबरून तेल आणतो. पण ही गळती बहुतेकांत सहा महिन्यांच्या आसपास आपली आपण थांबते आणि केस परत येतात. श्रेय मिळतं तेव्हा हातात असलेल्या बाटलीला. ती माक्याच्या तेलाची असो नाहीतर सीबीडीची.

अनुवंशिक विरळपणा मात्र असा थांबत नाही. मुलग्यांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याजवळ त्वचा दिसायला लागते. मुलींत भांग रुंद होतो. एकेक मूळ दरवर्षी बारीक होत जातं, जाड केसाच्या जागी लव उरते. मूळ जिवंत आहे तोवर औषधाला काम करायला जागा असते. म्हणून मला तेलाच्या किमतीपेक्षा जास्त काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या वेळेची. सव्विसाव्या वर्षी सुरू झालेला विरळपणा तेलं बदलत बदलत तिसाव्या वर्षी माझ्याकडे येतो, तेव्हा चार वर्षांपूर्वी वाचवता आले असते असे बरेच केस हातचे गेलेले असतात. ते परत आणणं फार कठीण.

मग करायचं काय? गळती अचानक सुरू झाली असेल, तर मागच्या तीन महिन्यांत काय झालं ते आठवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता फार आहे. हळूहळू विरळ होत असेल, तर डॉक्टरांना डोकं दाखवा. मिनॉक्सिडिलला चार ते सहा महिने द्यावे लागतात, सुरुवातीला थोडे केस जास्तही गळतात, आणि बंद केलं की मिळालेला फायदा जातो. पुरुषांसाठी फिनास्टेराइड आहे, पण ते तपासणीनंतरच. काहींना लैंगिक तक्रारी होऊ शकतात. गरोदर बाईने तर ते घेऊच नये.

आणि एवढं ऐकूनही सीबीडी वापरून बघायचंच असेल? तर वरून लावा, उपचार चालू ठेवून लावा, आधी हातावर थोडं लावून त्वचेला सोसतं का बघा. पोटात घेणार असाल, तर डॉक्टरांना न सांगता नको. त्याने यकृतावर ताण येऊ शकतो, आणि रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांशी ते जमत नाही. आणखी एक, दुबईला किंवा सिंगापूरला जाताना ही बाटली बॅगेत टाकू नका. तिथले कायदे कडक आहेत, 'केसांचं तेल आहे हो' म्हणून कोणी सोडणार नाही.

उद्या मोठा, नीट तुलना केलेला अभ्यास आला आणि त्यात सीबीडी खरं उतरलं, तर मी इथेच येऊन सांगेन. तोवर पहिली चिठ्ठी तपासणीची असू द्या, तेलाची नंतर. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.