दुखणे भोगले, आता विद्या शिकावी



मोठ्या आजारातून उठलेल्या तरुणाच्या तोंडी पुष्कळदा एक वाक्य येते, "आता मी दुसऱ्यांवर उपचार करीन." घरातील मंडळी यावर दोन तऱ्हेने वागतात. काही जण म्हणतात, "जीव वाचला हेच खूप झाले, आता दुकानावर बस." काही जण कोठूनतरी ॲक्युपंक्चरचे चार दिवसांचे प्रमाणपत्र आणून देतात आणि दारावर पाटी लावतात. मला वाटते, हे दोन्ही मार्ग त्या मुलावर अन्याय करणारे आहेत. पहिल्याने त्याची उमेद मरते. दुसऱ्याने कदाचित एखाद्या रोग्याचा जीव जाईल. तिसरा मार्ग कोणता, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आजाऱ्याने पुढे उपचारक व्हावे, याचे ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत, कर्नाटकातील बेल्लूर गावी झाला. बालपणी त्यांना हिवताप, विषमज्वर आणि क्षय या तिन्ही रोगांनी गाठले. वडील ते नऊ वर्षांचे असतानाच वारले. १९३४ मध्ये मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे म्हैसूरला गेल्यावर त्यांच्या योगाभ्यासास आरंभ झाला. १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते योग शिकविण्यासाठी पुण्यास आले आणि पुढे जन्मभर पुणेकर झाले. त्यांचा 'लाइट ऑन योगा' हा जगभर गाजलेला ग्रंथ १९६६ चा, आणि पुण्यातील त्यांची संस्था १९७५ ची. २०१४ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

पालकांनो, येथे जरा हिशेब करा. पुण्यास येणे १९३७ चे आणि ग्रंथ १९६६ चा. मध्ये एकोणतीस वर्षांचा रोजचा सराव आहे. दुखण्याने त्यांना दुर्बल शरीराची जाण दिली. दोरी, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन अशक्त माणसालाही आसन साधता येईल, अशी सोय त्यांनी लावली ती या जाणिवेतून. पण नुसत्या जाणिवेने ती लागली नसती. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती.

आता ॲक्युपंक्चरकडे, म्हणजे शरीराच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराकडे येऊ. ही विद्या आपल्या देशात रुजली त्या कथेचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला भरले, त्याचे अध्यक्ष पंडित नेहरू होते. जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनला मदत म्हणून त्यांच्या व सुभाषबाबूंच्या पुढाकाराने १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. बसू परत आले. पुढे १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. युद्धभूमीवर काम केलेला हा अनुभवी डॉक्टर नवी विद्या घ्यावयाची म्हणून पुन्हा विद्यार्थी झाला, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत या विद्येचा बोलबाला झाला तो एका आजाऱ्यामुळे. १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असता त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. पुढे लोकांनी गोष्ट वाढवून सांगितली की, त्यांची शस्त्रक्रिया सुया टोचून झाली. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीप्रमाणे भुलीचे औषध देऊनच झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोटाचा त्रास कमी व्हावा म्हणून. रेस्टन यांनी स्वतः तसेच लिहिले. आधी शल्यचिकित्सक, मागून सुया, हा क्रम उपचारक होऊ पाहणाऱ्याने कधी उलटा करू नये.

या उपचाराने काय साधते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. काही प्रकारच्या जुनाट वेदना, डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची किंवा कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ यांत काही रोग्यांना आराम पडतो. क्षय, मधुमेह, कर्करोग हे सुयांनी बरे होत नाहीत. "गोळ्या बंद करा, माझ्याकडे या," असे जो म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरावे. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे मोफत मिळतात. ती मध्येच सोडली तर रोग अधिक चिवट होतो. शिवाय सुई हे शस्त्र आहे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब किंवा एच.आय.व्ही.चा संसर्ग होऊ शकतो. छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. निर्जंतुक सुई एकदाच वापरून टाकून द्यावयाची, हा पहिला धडा आहे. शरीररचनाशास्त्र हा दुसरा.

मग विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी? केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यापूर्वीच २०१५ चा अधिनियम केला आणि त्यानुसार राज्याची ॲक्युपंक्चर परिषद स्थापन झाली. म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे की, हा अभ्यासक्रम परिषदेला मान्य आहे काय, आणि तो पुरा केल्यावर मुलाचे नाव परिषदेच्या नोंदवहीत लागेल काय. उत्तर लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर खिशातले पैसे काढू नयेत.

ज्यांना पूर्ण वैद्यकीय शिक्षण घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी युनानीचा मार्ग आपल्या खानदेशातच आहे. जळगाव आणि अक्कलकुवा येथे युनानी महाविद्यालये आहेत, शेजारच्या मालेगावातही आहे. बारावी विज्ञान, मग 'नीट' परीक्षा, आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षे. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलामुलींना तेथे भाषेचा मोठा आधार होतो. ज्याला आज आरोग्यसंवर्धन म्हणतात, त्याचा विचार युनानीत फार जुना आहे. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, उत्सर्जन व धारण, ही सहा कारणे सांभाळली तर तब्येत सांभाळली जाते, असे हकीम सांगत आले. मालिश, व्यायाम, हिजामा यांचा 'इलाज बित्तदबीर' हा त्यात स्वतंत्र विषयच आहे.

मुलींविषयी मुद्दाम सांगतो. अनेक भगिनी पुरुष उपचारकापुढे दुखणे उघड करण्यास संकोचतात आणि ते अंगावर काढतात. शिकलेली, नोंदणी झालेली एक उपचारिका गावात असेल तर शेकडो घरांचे कल्याण होईल. तेव्हा मुलगी आजारातून उठली म्हणून तिचे शिक्षण तोडू नका. तिचे एक वर्ष गेले असेल, आयुष्य गेलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याने रात्र रात्र कण्हत काढली त्याला दुसऱ्याचे कण्हणे लवकर ऐकू येते. ही तुमची पुंजी आहे. पण नाडी कोठे बघावी, सुई कोठे टोचू नये, आणि रोगी मोठ्या दवाखान्यात केव्हा पाठवावा, हे आजार शिकवीत नाही, गुरू आणि ग्रंथ शिकवितात. पुंजी घरी पडून राहू देऊ नका, आणि विद्येवाचून ती बाजारातही मांडू नका. या संस्थेच्या वर्गांतून असे उपचारक निघोत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.