शाळाबंदीला स्थगिती का हवी?

(वेळणेश्वर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



आपण ज्या गुहागर तालुक्यात जमलो आहोत, त्याच तालुक्यातील कोतळूक हे गोपाळ कृष्ण गोखले यांचे जन्मगाव. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या आक्षेपांत खर्चाचा मुद्दा होताच. शतक उलटले, राज्य स्वकीयांचे आले, तरी गरिबाच्या शाळेचा विषय निघाला की तिजोरीचीच सबब पुढे येते.

२०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ ही कल्पना पुढे आली. त्या वेळच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. मुंबईतही महापालिकेच्या मराठी शाळा दशकभरात सुमारे शंभराने घटल्या. म्हणजे चाकरमान्याच्या गावी मुले उरली नाहीत म्हणून शाळा बंद, आणि तो ज्या शहरात गेला तेथेही बंदच!

पट का घटला? जन्मदर उतरला हे खरे. परंतु २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्याच १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. रोजगार नाही म्हणून माणूस गाव सोडतो. हे विकासनीतीचे अपयश आहे. शिक्षा मात्र मागे राहिलेल्या मजुराच्या आणि मच्छीमाराच्या मुलाला होते.

दर विद्यार्थ्यामागील खर्चाचा सरकारी हिशेब अपुरा आहे. शाळा मिटली तरी कायम शिक्षकाचा पगार चालूच राहतो. खरी बचत होते ती पद रद्द झाल्यावरच. म्हणजे शाळाबंदी हा नोकरकपातीचा आडमार्ग ठरतो. उरलेला खर्चही नाहीसा होत नाही. रिक्षाचे भाडे आणि पोहोचवण्या-आणण्यात बुडालेली मजुरी या रूपाने तो पालकाच्या डोक्यावर बसतो. शिक्षणहक्काच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. कोकणात हे अंतर नकाशावर मोजून भागत नाही. मधे घाटी असते, आषाढात भरून वाहणारा पऱ्ह्या असतो. अशा वाटेने सात वर्षांच्या मुलीला एकटे कोण धाडील?

२०१३ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एकाच वेळी सुमारे ५० सरकारी शाळा बंद झाल्या. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, या मुलांच्या अभ्यासावर, विशेषतः गणितावर, प्रतिकूल परिणाम झाला. पुढे २०२१ च्या कायद्याने तेथील शाळाबंदी काही काळ थांबवावी लागली. हे शहाणपण आपण नुकसान होण्यापूर्वीच का घेऊ नये?

तीन मुलांची शाळा ही आदर्श शाळा नव्हे, हा आक्षेप प्रामाणिक आहे. मुलाला सवंगडी हवेत, खेळायला गडी हवेत. जेथे ग्रामसभा राजी आहे आणि वाहनाची लेखी हमी आहे, तेथे एकत्रीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. म्हणूनच मागणी कायमच्या मनाईची नसून स्थगितीची आहे. वाडीवार पाहणी, ग्रामसभेची संमती, वाहतुकीची तरतूद आणि रिक्त पदांची भरती या चार गोष्टी पूर्ण होईपर्यंत एकही शाळा बंद होऊ नये. चालू ठेवलेली शाळा उद्याही बंद करता येते. बंद पडलेली सहसा पुन्हा उघडत नाही.

आणखी एक कटू गोष्ट. आपलीच मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत घालून सरकारी शाळेसाठी मोर्चा काढला, तर लोक ऐकून घेतील, पण मागे येणार नाहीत. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील शाळेचा पट, शिक्षकसंख्या आणि प्रत्येक वाडीपासूनचे पावसाळी अंतर लिहून काढावे आणि ते येत्या ग्रामसभेत ठरावासह मांडावे. कामाला तेथूनच सुरुवात होईल.