लिहिण्याची सावड

(शहादा येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिला गेला आहे, 'लिहितं राहता येणं हे भाग्य आणि त्याबद्दलची कृतज्ञता'. विषय चांगला आहे. पण कृतज्ञता हा शब्द बायकांपुढे ठेवताना मी जरा थबकते. आपल्याला लहानपणापासून हाच तर धडा मिळाला. शाळेत घातलं म्हणून बापाचे उपकार, नोकरी करू दिली म्हणून नवऱ्याचे, शिबिराला सोडलं म्हणून सासूचे. बायकांच्या जुन्या पुस्तकांतली मनोगतं वाचा. 'ह्यांनी' मोकळीक दिली म्हणून हे पुस्तक झालं, अशा अर्थाचं वाक्य कितीदा तरी भेटेल. पुरुषाच्या पुस्तकात 'पत्नीने मला लिहू दिलं' असं कुणी वाचलंय का? त्याला कुणी लिहू द्यावं लागत नाही. त्याला फक्त चहा द्यावा लागतो.

तेव्हा आधी एवढं ठरवून घेऊ, की वही, पेन आणि दिवसातला एक निवांत तास या हक्काच्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी आभार मानायचे नाहीत. मग ऋण कशाचं, आणि कुणाचं?

ताराबाई शिंद्यांचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. बुलढाण्यात राहणाऱ्या या बाईने १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. त्याच्या आदल्या वर्षी गुजरातेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, आणि बायकांच्या नीतीवर पुरुषांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ताराबाईंनी त्याचा समाचार घेतला. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेलं ते १९७५ पर्यंत. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मधली नव्वद वर्षं आपल्या आज्यांना, पणज्यांना ते वाचायलाच मिळालं नाही. ताराबाईंचं दुसरं पुस्तकही आपल्यापर्यंत आलेलं नाही. लिहिणाऱ्या बाईला धीर लागतो हे खरं, पण तिचं लिखाण टिकायला दुसऱ्या माणसांचे हातही लागतात.

फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी तर आपल्या वह्या घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहीत. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं, आणि त्यात त्यांनी 'मी' पेक्षा 'आम्ही' जास्त लिहिलं. महारवाड्यातल्या बायका, त्यांची बाळंतपणं, त्यांची उपासमार. मला वाटतं, ऋण मानण्याची याहून चांगली रीत नाही. अर्पणपत्रिकेत कुणाला हात जोडण्यापेक्षा त्या बायका पानात आल्या, हे मोठं.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या रचत, आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ त्या कागदावर उतरवून घेत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली मुलंमुली त्या नावाची पदवी घेतात. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं नाव पदवीच्या कागदावर! मला याचा आनंद होतो, आणि त्याच वेळी दुसराही विचार मनात येतो. बहिणाबाईंच्या घरात लिहून घेणारा कवी मुलगा होता. शेजारच्या घरात, शेजारच्या गावात जात्यावर बसलेल्या बाईकडे तो नव्हता. तिच्या ओव्या पिठाबरोबर संपल्या.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सर्वांत कमी साक्षरता नंदुरबारची होती. सात वर्षांवरच्या दर शंभर बायकांतल्या साधारण छप्पन्न साक्षर. त्यातही साक्षर म्हणजे काय, हे तुम्ही-आम्ही जाणतोच. बचत गटाच्या रजिस्टरवर नाव गिरवता येणारीही त्यात धरलेली असते. घरात बोली भिली, पावरी, मावची. बाजारात अहिराणी किंवा गुजराती. आणि कचेरीत मराठी. बाई पावरीत बोलते, आशाताई मराठीत सांगते, मी ते लिहिते, मग कचेरीतला बाबू त्याचं त्याच्या मराठीत करतो. चौथ्या टप्प्यावर काय उरतं? एका पोलीस ठाण्यात मी स्वतः पाहिलंय. बाई पाठीवरचे वळ दाखवत पाऊण तास बोलली आणि कागदावर आलं, 'घरगुती कारणावरून किरकोळ बाचाबाची'. आम्ही तिथेच बसून जबाब पुन्हा लिहायला लावला आणि तिला तिच्या भाषेत वाचून दाखवल्यावरच तिने अंगठा दिला. त्या दिवशी मला लिहिता येण्याची किंमत कळली. मासिकात माझा लेख छापून येतो तेव्हा ती इतकी कळत नाही, खरं सांगते.

समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला 'केस' कशी लिहायची ते शिकवलं. वय, जात, शिक्षण, समस्या, उपाययोजना. उपयोगी आहे ते. पण त्या नमुन्यात 'ही माहिती सांगायला बाईने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवली' असा रकाना नाही. आपल्या चळवळीतल्या लिखाणाचंही तसंच आहे. १९७२ नंतर याच शहाद्यात श्रमिक संघटनेच्या बायकांनी दारूचे मडके फोडले, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे जाब विचारला. मारिया मीससारख्या अभ्यासक बाईने त्यावर इंग्रजीत लिहिलं, जगभर वाचलं गेलं. चांगलंच झालं. पण काठी घेऊन पुढे असलेल्या बाईपर्यंत त्यातलं काय परत आलं? याच संघर्षातून वाहरू सोनवणे कवी म्हणून पुढे आले. नजूबाई गावितांनी आदिवासी बाईचं जगणं 'तृष्णा'मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या आधी चळवळीच्या कार्यकर्त्या. अशी नावं बोटांवर मोजावी लागतात, हेच दुखणं आहे.

म्हणून मी कृतज्ञतेला सावड म्हणते. आपल्या शेतकरी बायकांना सावड समजावून सांगायला नको. आज तू माझ्या निंदणीला, उद्या मी तुझ्या. 'थँक्यू' कुणी म्हणत नाही. कामाची फेड कामाने होते, आणि जिने फेडलं नाही तिच्या शेतात पुढच्या वर्षी कुणी येत नाही. लिहिण्यात मात्र आपण एका बाजूची सावड घेतो. ती सांगते, दुसरी दुभाषी होते, तिसरी माझ्या मुलाला सांभाळते, आणि नाव माझं छापून येतं.

ही फेड कशी करायची? मी माझ्यापुरत्या काही गोष्टी धरल्या आहेत. लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवायचं, तिच्या बोलीत. 'हे नको' म्हणाली की काढायचं, मग लेख लंगडा झाला तरी चालेल. नाव छापायचं की नाही, हे तिने ठरवायचं. डोंगरात जिच्यावर डाकीण म्हणून बोट रोखलेलं आहे, तिचं नाव छापणं म्हणजे तिला पुन्हा गावापुढे उभं करणं. तर दारूबंदीसाठी ग्रामसभेत उठून बोललेल्या बाईला नाव हवं असतं, आणि आपण 'एक आदिवासी महिला' लिहून मोकळ्या होतो! दुभाषी बाईचं नाव तर आपण लिहीतच नाही. या मासिकाच्या संपादक मैत्रिणींना माझी विनंती आहे, की मानधन दोनशे असो की पाचशे, त्यात सांगणारीचा आणि दुभाषीचा वाटा धरावा. रक्कम लहान आहे म्हणून हसू नका. मजुरी बुडालेल्या बाईला ती लहान नसते.

आणि लिहिणाऱ्या हाताला याहून मोठं काम समोर आहे. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जमीन कसत होतं, हे दाखवायला जे पुरावे चालतात त्यांत दावेदार सोडून गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही आहे. नुसत्या त्या एकावर भागत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. पण विचार करा, ज्या म्हातारीला कुणी कधी काही विचारलं नाही, तिची आठवण इथे कायद्याने पुरावा ठरते. कुठल्या नाल्यापाशी कुणाचं शेत, कुठला मोह कुणाच्या वाट्याचा, नाकेदाराने कुठल्या साली पीक उपटलं, हे तिला पाठ असतं. फक्त कुणीतरी ते लिहून घ्यावं लागतं. याच कायद्यात असंही आहे की विवाहितांना हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावे मिळावा. दावा लिहिताना बायकोचं नाव गाळलं जात नाही ना, हे बघायलाही तिथे आपल्यातली एक बसलेली असावी.

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या काही पाड्यांत प्रलंबित दाव्यांसाठी असे जबाब लिहून घ्यायचे राहिले आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी दाराशी वही घेऊन बसते. ज्यांना पावरी किंवा भिली येते त्यांनी आधी नावं द्या, नुसतं मराठी लिहिणाऱ्या त्यांच्यासोबत जातील. दोन दिवस काढून यावं लागेल, शेवटची चढण पायी आहे. कार्बन पेपर बरोबर आणा. एक प्रत तिथेच, म्हातारीच्या घरात ठेवून यायची आहे.