शालू आणि नाच्या



१९११ साली बालगंधर्व 'मानापमाना'त भामिनी झाले, पुढे 'स्वयंवरा'त रुक्मिणी झाले, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याची नक्कल करू लागल्या. त्या वेषाने त्यांची प्रतिष्ठा वाढलीच. तमाशातल्या नाच्याचे नशीब निराळे. त्याने मुरका मारला की हशा, आणि बोर्डावरून उतरल्यावरही तो हशा त्याची पाठ सोडीत नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा हा तालमीत कमावलेल्या अंगाचा मजूर. कलेपायी तो नाच्या होतो आणि त्याची जी विटंबना होते ती वाचवत नाही. रवी जाधव यांनी २०१० साली त्यावर चित्रपट काढला आणि पुढच्याच वर्षी 'बालगंधर्व'! दोन्ही लागोपाठ पाहावेत. लुगडे दोघांच्याही अंगावर. पण एकापुढे खुर्च्या, दुसऱ्यापुढे कनात.

तरीही गुणाला बायकापोरे आहेत, हे चित्रपट आपल्याला विसरू देत नाही. जणू तेवढ्या जामिनावरच आपण त्याच्यासाठी रडायला तयार होतो! तेंडुलकरांनी १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या 'मित्राची गोष्ट'मध्ये असा जामीन दिला नाही. तेथे एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. शालू नाही, पद नाही, हसून मोकळे होण्याची सोय नाही.