पाठशाळा आणि नववीचा विद्यार्थी



जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी जैन घरातील मुलाला चार भाषा सांभाळाव्या लागतात. घरी मारवाडी, शाळेत मराठी, पाठशाळेच्या पुस्तकात हिंदी आणि प्रतिक्रमणाच्या सूत्रांत अर्धमागधी. सातवीपर्यंत तो हे सारे हसत पेलतो; सामायिकाचे पाठ, पच्चीस बोल घडाघडा म्हणून दाखवतो. पुढे शिकवणीची वेळ आडवी येते आणि पाठशाळा सुटते. दोष शिकवणीवर टाकणे सोपे आहे. ते पूर्ण खरे नाही.

पू. आनंदऋषीजी म. सा. पुढे १९६४ मध्ये श्रमण संघाचे आचार्य झाले. त्यांच्या प्रेरणेने १९३६ साली पाथर्डीस श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. चढत्या परीक्षांची ही योजना मुलाने पाठांतरावर थांबू नये यासाठीच होती. दुर्दैवाने पुष्कळ मुले पहिल्या पायऱ्यांवरूनच परततात.

अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांनी १९१२ साली सॉल्ट लेक सिटीत शाळकरी मुलांसाठी धर्मवर्ग सुरू केले. कोठे शाळेच्या वेळेत, तर कोठे शाळेपूर्वी भल्या पहाटे ते भरतात. त्यांचा धर्म वेगळा, त्याची तुलना येथे नको; परंतु त्यांचा चार वर्षांचा क्रम नववी ते बारावीच्या वयासाठी आहे. जामनेरचे मूल ज्या वयात पाठशाळा सोडते, त्याच वयात तेथे वर्ग सुरू होतो!

हे वय प्रश्नांचे असते. प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार येतात : चोरीचा माल घेणे, खोटी वजनमापे, भेसळ. दहा वर्षांचा मुलगा ते नुसते म्हणतो. पंधरा वर्षांचा, संध्याकाळी गल्ल्यावर बसणारा मुलगा त्याचा अर्थ समजला तर घरी प्रश्न विचारील. त्या प्रश्नाचीच घराला भीती वाटते काय, हेही एकदा तपासावे.

साधू-साध्वींचा विहार पायी. चातुर्मास मोजक्याच गावांना लाभतो. उरलेल्या गावी पर्युषणाचे आठ दिवस स्वाध्यायी अंतगड सूत्र वाचतात, प्रतिक्रमण करवितात. हे स्वाध्यायी तयार व्हायचे ते या मुलांतूनच.

म्हणून रविवारचा एक तास नववी-दहावीच्या मुलांसाठी राखावा. त्यात पाठांतर नको, फक्त अर्थ आणि शंका. आणि दुकान तेवढा वेळ मुनीमजींवर सोपवून वडिलांनीही मुलाशेजारी येऊन बसावे.