कागदावर आपलं नाव कोणत्या नात्यानं?

आज आम्ही गटातल्या बायका पासबुकाबद्दल बोलणार आहोत. लग्न झालं की आधार कार्डावरचं नाव बदलतं, सासरच्या रेशन कार्डात नाव चढतं आणि आपल्याला वाटतं, घरातलं सगळं आता दोघांचं झालं. कायदा तसं मानत नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यातला पैसा त्याचा, आपल्या एकटीच्या खात्यातला आपला. आपण नवऱ्याला 'मालक' म्हणतो, पण बायकोच्या खात्याचा तो मालक नसतो.

आम्हाला हे कळलं ते गटातल्या एका ताईचे मालक अचानक गेले तेव्हा. पत्र्याच्या पेटीतून तिनं कागद काढले. तीन कागदांवर तिचं नाव होतं आणि तिन्हीवर वेगवेगळ्या नात्यानं.

पहिला कागद चार लाखांच्या बँकठेवीचा. तिथं ती नॉमिनी. तिला वाटलं, पैसे आपले. बँकेनं पैसे तिच्या हातात दिले हे खरं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे घेऊन वारसांना पोचवणारी ती. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. तो खटला 'कालनिर्णय'वाल्या साळगावकरांच्या घरातला होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि सासू यांना सारखा वाटा. ताईला एक मुलगा, एक मुलगी, सासू हयात. म्हणून प्रत्येकी एक लाख. लग्न झालेली मुलगीही यात धरायची. हे वारस असताना दिराला यात काही नाही. भावकीत हे मोठ्यानं सांगावं लागतं, आम्ही सांगितलं. बाईनं पुढं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला वाटा परत जात नाही. मुस्लिम बहिणींचा हिशेब वेगळा आहे: मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा.

दुसरा कागद दोघांच्या जॉइंट खात्याचा. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं फॉर्मवर लिहिलेलं होतं, म्हणून दहाव्याचा खर्च त्यातून भागला. 'दोघांच्या सहीनं' असं असतं तर बाकीच्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या असत्या. तुमच्या फॉर्मवर काय आहे, ते बँकेत विचारून घ्या.

तिसऱ्या कागदानं मात्र तिला रडवलं. गायींच्या गोठ्यासाठी मालकांनी कर्ज काढलं होतं आणि त्यावर ती जामीनदार. "मी नुसती सही केली हो, पैसे डोळ्यानं बघितले पण नाहीत," ती म्हणाली. पैसे कोणी बघितले, हे वसुलीवाले विचारत नाहीत. सही कोणाची, हे विचारतात. नुसतं बायको असल्यामुळे नवऱ्याचं कर्ज अंगावर येत नाही. वारस म्हणून जेवढं हाती आलं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. पण जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही असेल तर आपल्या कमाईतूनही फेडावं लागतं. दहाव्याच्या आतच हातउसन्याचे सांगणारे चार जण दारात आले. त्यांना आम्ही एकच म्हणालो, कागद दाखवा. दोघं परत आले नाहीत.

ज्या कागदावर नाव असायला हवं होतं, तो सातबारा. तिथं ती नव्हतीच. वारसनोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. सोसायटीचा बोजा असेल तर तो जमिनीसोबत येतो, 'इतर हक्क' या रकान्यात बघा. पण नाव लावायला मरणाची वाट कशाला? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकांच्या नावे जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली. पुढं 1992 मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं: नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. हे आपल्या नगर जिल्ह्यातही चालतं, फक्त नवऱ्याला राजी करावं लागतं. चहा पिताना विषय काढा, भांडणात काढू नका.

ताईचं गोठ्याचं कर्ज अजून फिटायचं आहे, दुधाच्या पगारातून हप्ता जातो. सासूचे एक लाख तिनं सासूला दिले. म्हातारीनं ते बँकेत ठेवले आणि फॉर्म भरताना पोराला विचारलं, "नॉमिनी आणि वारस, दोन्ही एकच का रे?"

पुढच्या वेळी हक्कसोडपत्राबद्दल बोलू.